घरी फोटो छापायचेत? कागदाआधी शाई ओळखा

माझ्या टेबलाच्या खणात एकाच फोटोच्या दोन प्रिंट आहेत. आई खिडकीपाशी बसली आहे, उजेड एका गालावर पडलाय. फाइल एकच, प्रिंटर एकच, दोन्ही छापल्या त्याही एकाच दुपारी. पहिल्या प्रिंटमध्ये कानामागच्या पांढऱ्या बटा मोजता येतात. दुसरीत केसांच्या जागी नुसता काळा चिखल. छापून दोन दिवस झाले तरी त्यावरून बोट फिरवलं की बोट काळं होत होतं. हा दुसरा कागद पहिल्यापेक्षा जाड होता, जास्त चकचकीत होता आणि पाकिटावर त्याचं कौतुकही जास्त छापलेलं होतं. कागद वाईट नव्हता. माझ्या प्रिंटरमधली शाई त्याला पचत नव्हती.

पहिल्यांदा फोटो पेपर घेणारा माणूस बहुतेक वेळा दोनच गोष्टी बघतो: चकाकी किती आणि जाडी किती. दोन्ही महत्त्वाच्या आहेत, पण त्यांचा नंबर नंतर लागतो. आधी शाई, मग त्या शाईला धरून ठेवणारा लेप, मग बाकी सगळं. त्याच क्रमाने जाऊ.

पायरी १ : प्रिंटर कोणत्या जातीचा आहे?

घरात लेझर प्रिंटर असेल तर आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दुकानात नुसता ‘फोटो पेपर’ म्हणून मिळणारा कागद जवळजवळ नेहमीच इंकजेटसाठी, म्हणजे शाईचे थेंब उडवणाऱ्या प्रिंटरसाठी, असतो, आणि तो लेझर प्रिंटरमध्ये घालायचा नाही. लेझर प्रिंटर शाई उडवत नाही. तो टोनरची भुकटी कागदावर बसवतो आणि तापलेल्या रोलरखालून नेऊन ती वितळवून चिकटवतो. त्या रोलरचं तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. बऱ्याच चकचकीत फोटो पेपरांना दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचा पातळ थर असतो आणि पॉलिथिन त्याच्या कितीतरी आधी वितळतं. मग तो थर रोलरला चिकटतो आणि दुरुस्तीचा खर्च बोकांडी बसतो. लेझरसाठी वेगळे चकचकीत कागद निघतात. पाकिटावर ‘लेझर’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला असेल तरच घ्या. पण खरं सांगायचं तर घरगुती लेझर प्रिंटरवर त्वचेचे आणि आकाशाचे हलके रंग नीट उतरत नाहीत. फोटोंची मनापासून हौस असेल तर इंकजेट हवा.

हातात मावणारे छोटे फोटो प्रिंटर असतात, ते बहुधा उष्णतेवर चालतात. काहींत रंगाची फीत असते, काहींत रंग कागदाच्या आतच असतो. दोन्हींना त्यांचाच कागद लागतो, तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही. तुमच्याकडे तसा प्रिंटर असेल तर थेट शेवटच्या पायरीवर जा, फोटो जपण्याचं बरंचसं तुम्हालाही उपयोगी पडेल.

इथून पुढचं सगळं इंकजेटबद्दल.

पायरी २ : शाई डाय आहे की पिगमेंट?

सगळ्या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, म्हणून इथे जरा थांबू.

इंकजेटची शाई दोन प्रकारची असते. डाय शाईत रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो. पिगमेंट शाईत रंगाचे अतिशय बारीक कण द्रवात तरंगत असतात, गढूळ पाण्यात मातीचे कण तरंगावेत तसे. डाय शाई कागदाच्या लेपात मुरते. पिगमेंटचं पाणी मुरतं आणि कण वरच्या वर बसतात. त्यामुळे डाय शाईची प्रिंट चकचकीत कागदावर एकसंध, काचेसारखी दिसते आणि तिचे रंग भडक, रसरशीत येतात. पिगमेंटची प्रिंट जास्त टिकते आणि पाण्याचा थेंब पडला तरी सहसा पसरत नाही. पण फार चकचकीत कागदावर तिचे शाईचे भाग आणि कोरे भाग यांची चकाकी वेगवेगळी दिसू शकते. प्रिंट तिरकी धरली की काळ्या भागावर तांब्यासारखी झाक येते, तीही बऱ्याचदा पिगमेंटचीच.

आपली शाई कोणती हे कार्ट्रिजच्या किंवा शाईच्या बाटलीच्या वेष्टनावर, नाहीतर प्रिंटरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तिथे सापडलं नाही तर घरच्या घरी बघता येतं. साध्या ऑफिसच्या कागदावर एक जाड काळी रेघ आणि लाल, निळे, पिवळे पट्टे छापा. तासभर वाळू द्या. मग प्रत्येकावर पाण्याचा एकेक थेंब टाका आणि मिनिटभराने टिपकागदाने अलगद टिपून घ्या. रंग पसरला, टिपकागदावर उतरला तर ती डाय. रेघ जागच्या जागी राहिली तर पिगमेंट.

ही तपासणी काळ्यासाठी आणि रंगांसाठी वेगवेगळी करायला सांगतोय त्याला कारण आहे. घरगुती प्रिंटरांपैकी बऱ्याच जणांत काळी शाई पिगमेंट असते आणि बाकीचे रंग डाय असतात. साध्या कागदावर अक्षरं ठसठशीत यावीत म्हणून ही योजना. असा प्रिंटर चकचकीत फोटो पेपरवर छापताना ती पिगमेंट काळी शाई बाजूला ठेवतो. वेगळी डाय काळी शाई असेल तर ती वापरतो, नाहीतर तिन्ही रंग मिसळून काळा तयार करतो. पण हे तो केव्हा करेल? कागद चकचकीत आहे हे तुम्ही सेटिंगमध्ये सांगितलंत तरच. सेटिंग ‘साधा कागद’वर राहून गेलं तर काळी पिगमेंट शाई त्या गुळगुळीत लेपावर येऊन बसते आणि हाताला लागत राहते. ‘कागद खराब निघाला’ अशा तक्रारींच्या मुळाशी अनेकदा एवढंच असतं. सेटिंग बदलून त्याच पाकिटातला दुसरा कागद छापला की तक्रार मिटते.

मूळ शाईऐवजी दुसऱ्या कुणाची भरलेली शाई वापरत असाल तर एक अडचण ध्यानात घ्या. कार्ट्रिजवर जे लिहिलंय ते आत असेलच असं नाही. अशा वेळी पाण्याच्या थेंबावरच विश्वास ठेवा.

पायरी ३ : त्या शाईला साजेसा लेप

फोटो पेपर म्हणजे खरं तर लेप. खालचा कागद लेपाला आधार देतो आणि शाईशी सगळा व्यवहार लेप करतो. इंकजेटच्या एका थेंबाचं माप पिकोलिटरमध्ये मोजतात, म्हणजे लिटरच्या लाख कोटीव्या भागात. फोटो प्रिंटरचे थेंब साधारण एक ते पाच पिकोलिटरचे असतात. साध्या कागदावर असा थेंब पडला की धाग्यांच्या वाटेने पसरतो, आपण शाई फुटली म्हणतो तसा. लेपाचं काम त्या थेंबाला जिथे पडला तिथेच धरून ठेवणं. हे काम करण्याच्या तीन पद्धती आहेत.

पहिला, सूक्ष्म छिद्रांचा लेप. पाकिटावर याला ‘मायक्रोपोरस’, ‘नॅनोपोरस’ किंवा नुसतं ‘झटपट वाळणारा’ म्हणतात. सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाच्या अतिसूक्ष्म कणांचा हा थर असतो आणि कणांमधल्या फटींत शाईतलं पाणी क्षणात खेचलं जातं. प्रिंट बाहेर येते तेव्हाच हाताला कोरडी लागते. डाय आणि पिगमेंट दोन्ही याला चालतात. आज बाजारात मिळणारे बहुतेक चांगले फोटो पेपर याच जातीचे आहेत.

दुसरा, फुगणारा लेप. हा जिलेटिनसारख्या पदार्थाचा असतो. शाई पडली की तो फुगतो, रंग आत घेतो आणि वाळल्यावर पुन्हा मिटतो. रंग त्याच्या पोटात बंद होतो, त्यामुळे हवेपासून वाचतो. पण वाळायला वेळ लागतो, ओल्या बोटाचा डाग पडतो आणि पिगमेंटचे कण आत शिरू शकत नाहीत. म्हणून हा फक्त डाय शाईसाठी. हल्ली तो कमी दिसतो.

तिसरा, ‘कास्ट कोटेड’. स्वस्त चकचकीत कागदांची मोठमोठी पाकिटं मिळतात, ती बहुधा याची. यात पॉलिथिनचा थर नसतो. साध्या कागदावरच लेप देऊन तो तापलेल्या गुळगुळीत पिंपावर दाबून चकचकीत केलेला असतो. मागची बाजू साध्या कागदासारखी खरखरीत लागते, त्यावरून लगेच ओळखता येतो. मुलांचे प्रकल्प, शुभेच्छापत्रं, लेबलं यांना उत्तम. पण शाई जास्त झाली की पाणी खालच्या कागदापर्यंत पोचतं आणि कागद लाटांसारखा वर-खाली होतो. असे बरेच कागद फक्त डायसाठी बनवलेले असतात. आईच्या दुसऱ्या प्रिंटचा कागद हाच, आणि माझ्या प्रिंटरमधली शाई पिगमेंट.

छिद्रांच्या लेपाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती ऐकली की फोटो कुठे आणि कसा ठेवायचा हे कळतं. २००० साली घरगुती फोटो प्रिंटरांची एक नवी पिढी बाजारात आली. तिच्या प्रिंट इतक्या सुरेख होत्या की लोक हरखून गेले. मग काही घरांतून तक्रारी येऊ लागल्या. उघड्यावर ठेवलेले फोटो काही आठवड्यांत, कुठे तर काही दिवसांतच, नारिंगी पडत होते. तेच फोटो दुसऱ्या घरात मात्र ठणठणीत. ऊन लागलेलं नव्हतं, पाणी लागलेलं नव्हतं. शोध घेतल्यावर बोट हवेतल्या ओझोनकडे गेलं. ज्या छिद्रांतून शाई आत जाते त्याच छिद्रांतून हवाही जाते. त्या शाईतला निळसर, म्हणजे सायन, रंग ओझोनपुढे टिकत नव्हता. निळसर गेला की उरतात किरमिजी आणि पिवळा, आणि ते दोन मिळून नारिंगी दिसतात. काचेआड किंवा प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या प्रिंट वाचल्या. त्यानंतर शाया पुष्कळ सुधारल्या, पण छिद्रं ती छिद्रंच. डाय शाई आणि छिद्रांचा कागद या जोडीचा फोटो उघडा टांगू नका. काच, अल्बम, प्लास्टिकचं पाकीट, काहीतरी आडोसा द्याच.

थोडक्यात कोण कोणाशी जमतं ते असं. डाय शाई असेल तर पॉलिथिनचा आधार असलेला, छिद्रांच्या लेपाचा ग्लॉसी (चकचकीत) किंवा लस्टर (किंचित खडबडीत) कागद घ्या. पिगमेंट असेल तर लस्टर किंवा मॅट (बिनचकाकीचा). ग्लॉसी हवाच असेल तर पाकिटावर पिगमेंट चालतं असं लिहिलेलं बघून घ्या. काळा पिगमेंट आणि बाकी रंग डाय असे असतील तर ग्लॉसी आणि लस्टर दोन्ही चालतील, फक्त सेटिंग विसरू नका.

पॉलिथिनच्या आधाराचा कागद पाकिटावर ‘आरसी’ किंवा ‘रेझिन कोटेड’ म्हणून सापडतो. त्याची पाठ गुळगुळीत असते. शाईचं पाणी आतल्या कागदापर्यंत पोचत नाही, म्हणून तो लाटा काढत नाही. स्टुडिओतून धुऊन आणलेल्या फोटोचा हाताला जो स्पर्श आठवतो, तो याचाच.

पायरी ४ : ग्लॉसी, लस्टर की मॅट?

इथे आवडीनिवडीला जागा आहे, पण माझं मत मी लपवणार नाही. पहिलं पाकीट लस्टरचं घ्या.

ग्लॉसीवर काळा सगळ्यात गडद दिसतो आणि रंग सगळ्यात भरलेले. पण खिडकीचं, दिव्याचं प्रतिबिंब फोटोत शिरतं आणि बोटांचे ठसे लख्ख उठतात. छोट्या अल्बमच्या फोटोंना ते शोभतं. लस्टर, ज्याला कुणी सॅटिन, कुणी पर्ल, कुणी सेमी-ग्लॉसी म्हणतं, त्याचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा अगदी किंचित खडबडीत असतो. उजेड विखुरला जातो, ठसे दिसत नाहीत आणि काळा जवळजवळ ग्लॉसीइतकाच खोल येतो. डाय, पिगमेंट दोन्हींना चालतो, काचेआड छान दिसतो, हाताळायला सोपा. चेहऱ्यांसाठी मला दुसरं काही सुचत नाही.

मॅट वेगळाच. त्यावर काळा थोडा राखाडी वाटतो, आणि पहिली प्रिंट बघून अनेकांचा हिरमोड होतो. पण धुक्यातलं झाड, जुन्या दगडी भिंती, पांढरे केस, सुरकुत्या, कृष्णधवल फोटो हे सगळं मॅटवर असं शांत उतरतं की चित्रासारखं बघत बसावं. मोठा फोटो भिंतीवर लावायचा असेल आणि खोलीत उजेड भरपूर असेल तर मॅटचा विचार जरूर करा. पिगमेंट शाईवाल्यांना तर तो फारच मानवतो.

या तिन्हींच्या पुढे बराइटा आणि कापसाचे कागद आहेत. बराइटात लेपाखाली बेरियम सल्फेटचा पांढरा थर असतो. १९व्या शतकाच्या अखेरीपासून डार्करूमच्या कागदांत तो वापरला जातो. कापसाच्या कागदात लाकडाच्या लगद्याऐवजी कापसाचे धागे असतात आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकण्याच्या बेताने बनवलेला असतो. दोन्ही महाग, दोन्ही नाजूक. कापसाच्या कागदावरून छापण्याआधी मऊ ब्रशने तंतू झटकावे लागतात, नाहीतर एखादा तंतू नंतर गळतो आणि तिथे पांढरा ठिपका उरतो. हात बसेपर्यंत यांच्या वाटेला जाऊ नका. पण कधीतरी जा.

पायरी ५ : जाडी, पांढरेपणा, आकार

जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. ऑफिसचा कागद ७० ते ८० जीएसएम, फोटो पेपर साधारण १८० ते ३०० जीएसएम. ए४ आकाराचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणून ८० जीएसएमचा एक ए४ कागद ५ ग्रॅमचा आणि २४० जीएसएमचा १५ ग्रॅमचा. घरात ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असेल तर पाकिटावरच्या आकड्याची शहानिशा करता येते. चार कागद एकदम ठेवा, वजनाला चारने भागा, मग सोळाने गुणा.

अल्बमसाठी २०० च्या आसपासचा कागद पुरतो, हातात देण्याच्या किंवा चौकटीत बसवण्याच्या फोटोला २४० ते २६०. त्याहून जाड घेण्याआधी प्रिंटरच्या पुस्तिकेत त्याची मर्यादा बघा. पुढच्या ट्रेमधून घेतलेला कागद आत उलटा वळून येतो आणि जाड कागद त्या वळणावर अडतो. मागून घालायची सोय असेल तर फोटो पेपर तिथूनच घाला. जाडी म्हणजे दर्जा नव्हे. १८० चा चांगल्या लेपाचा कागद ३०० च्या सुमार लेपाच्या कागदाला सहज मागे टाकतो.

पांढरेपणाबाबत सावध राहा. दुकानातल्या उजेडात डोळे दिपवणारा पांढराशुभ्र कागद बऱ्याचदा चमक देणाऱ्या रसायनांमुळे तसा दिसतो. ही रसायनं अतिनील किरण शोषतात आणि निळसर उजेड बाहेर टाकतात, कपड्यांच्या साबणात असते तशीच युक्ती. वर्षं गेली की त्यांचा जोर ओसरतो आणि कागद आपल्या मूळच्या पिवळसर रंगावर येतो. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा छोटा टॉर्च अंधारात कागदावर मारा. कागद निळा उजळला तर रसायनं आहेत. म्हणून तो टाकाऊ ठरत नाही, अल्बमच्या फोटोंना काही बिघडत नाही. पण नातवंडांनी बघावा असा फोटो छापताना मी किंचित उबदार पांढरा, आम्लरहित कागद घेतो. आम्ल आणि लाकडातलं लिग्निन यांनीच जुनं वर्तमानपत्र पिवळं पडून ठिसूळ होतं.

आकाराचं थोडक्यात. फोनचे फोटो बहुधा ४:३ प्रमाणात असतात आणि ४×६ इंचांचा कागद ३:२ प्रमाणात. कागद पूर्ण भरायचा तर आडव्या फोटोची सुमारे एक नवमांश उंची (उभ्याची रुंदी) कापली जाते. डोक्यावरची जागा किंवा पाय जातात ते असेच. छापण्याआधी स्वतः काप ठरवा, प्रिंटरवर सोडू नका. कडेपर्यंत बिनसीमेचं छापताना प्रिंटर चित्र थोडं मोठं करतो, त्यात आणखी दोन-तीन मिलिमीटर जातात. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ४×६ ला १२००×१८०० पिक्सेल पुरतात आणि ए४ ला सुमारे २४८०×३५०८. मेसेजमधून आलेला फोटो बहुधा आकसलेला असतो. मूळ फाइल मागून घ्या.

पायरी ६ : आधी छोटं पाकीट

पहिली खरेदी लहान करा. शक्य असेल तर प्रिंटरच्याच कंपनीचा कागद घ्या. तो सर्वोत्तम असतो म्हणून नव्हे, तर त्याचं नाव प्रिंटरच्या सेटिंगमध्ये आयतं असतं म्हणून. नवख्या माणसाला चुकण्याच्या जागा त्यामुळे कमी होतात. प्रिंट चांगली कशी दिसते हे डोळ्याला एकदा कळलं की मग इतरांचे कागद त्याच्याशी ताडून बघता येतात.

दुसऱ्या कंपनीचा कागद घेताना पाकिटावर या गोष्टी शोधा: इंकजेटसाठी आहे का, डाय आणि पिगमेंटपैकी काय चालतं, लेप कोणता, जीएसएम किती, आणि कंपनी आयसीसी प्रोफाइल देते का. प्रोफाइल म्हणजे अमुक प्रिंटर, अमुक शाई आणि अमुक कागद यांच्यावर रंग नेमका कसा उतरतो याची नोंद असलेली छोटी फाइल. ती बसवली की पडद्यावरचा आणि कागदावरचा रंग बराच जुळतो. जी कंपनी अशी फाइल तयार करण्याची तसदी घेते, तिच्या कागदाचा दर्जा पाकिटागणिक सहसा बदलत नाही. पाकिटावर शाईचा प्रकार आणि लेप यांपैकी काहीच लिहिलेलं नसेल तर मी ते परत ठेवतो.

पायरी ७ : छापताना

नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं मोकळी आहेत का हे दाखवणारं चाचणीचं पान, छापा. एखादी रेघ तुटलेली असेल तर हेड (शाई उडवणारा भाग) साफ करा, मगच चांगल्या कागदाला हात घाला. कित्येक दिवस बंद असलेल्या प्रिंटरला तर याशिवाय कागद दाखवूच नका.

छापायची बाजू कोणती हे डोळ्यांनी कळत नसेल, आणि मॅट कागदाचं तसं होतंच, तर बोट किंचित ओलं करून कागदाच्या अगदी कोपऱ्याला लावा. लेपाची बाजू बोटाला चिकटते, पाठ चिकटत नाही. कागद कडांनी धरा. एका वेळी एक किंवा दोनच घाला. जाड कागदांचा गठ्ठा घातला की दोन एकदम ओढले जातात.

आता कागदाचा प्रकार. प्रिंटरच्या सेटिंगमधला हा एक शब्द तीन गोष्टी ठरवतो: शाई किती सोडायची, हेड कागदापासून किती उंच ठेवायचं आणि कोणती काळी शाई वापरायची. दर्जा ‘उच्च’ निवडून कागद ‘साधा’ ठेवला तर त्या उच्च दर्जाला काही अर्थ उरत नाही. दुसऱ्या कंपनीचा कागद असेल तर त्याच्या माहितीपत्रकात कोणतं सेटिंग निवडायचं ते दिलेलं असतं. दिलेलं नसेल तर जवळचं नाव निवडा आणि एक चाचणी घ्या.

ती चाचणी मी अशी घेतो. चार फोटो निवडतो: एक चेहरा, एक भरपूर काळा असलेला, एक हलक्या निळ्या आकाशाचा आणि एक कृष्णधवल. चौघांना एकाच ए४ कागदावर बसवून छापतो आणि तासभराने खिडकीच्या उजेडात बघतो. चेहऱ्यात हिरवी किंवा लाल झाक आहे का, काळ्यात केस वेगळे दिसतात का, आकाशात पट्टे पडले का, कृष्णधवल फोटो खरोखरच बेरंग आहे का. काळ्या भागात शाईची तळी साचलेली दिसली तर शाई जास्त होते आहे, कमी शाईचं सेटिंग निवडा. सगळंच फिकं, धुतल्यासारखं आलं तर बहुधा उलट बाजूवर छापलंय. सगळंच पडद्यापेक्षा अंधारलेलं वाटलं तर कागदाला दोष देण्याआधी पडद्याचा उजेड कमी करून बघा. पडदा स्वतः उजळतो, कागदाला खोलीतल्या उजेडावर भागवावं लागतं.

पायरी ८ : वाळवणं आणि जपणं

हाताला कोरडी लागणारी प्रिंट आतून ओली असते. शाईत पाण्याबरोबर ग्लायकॉलसारखे सावकाश उडणारे द्रवही असतात. प्रिंट लगेच काचेआड घातली तर काही दिवसांनी काचेच्या आतून धुरकट थर दिसतो, तो त्यांचाच. पंधरा-वीस मिनिटं उघडी ठेवा, मग वर साधा कोरा कागद ठेवून एक दिवस राहू द्या. तो कागद लाटांसारखा झालेला दिसला तर त्याने ते द्रव ओढून घेतले आहेत. नवा कागद ठेवून आणखी एक दिवस थांबा. पंखा किंवा केस वाळवायचं यंत्र लावून घाई करू नका, प्रिंट वाकडी होते.

चौकटीत फोटो थेट काचेला टेकू देऊ नका. दमट हवेत ग्लॉसी लेप काचेला असा चिकटतो की सोडवताना फोटोच निघतो. मध्ये पुठ्ठ्याचा माउंट घाला, म्हणजे दोन मिलिमीटरची हवा राहते. माउंटचा पुठ्ठाही आम्लरहित हवा, नाहीतर फोटोच्या कडेने काही वर्षांत तपकिरी रेघ उमटते. आणि चौकट थेट उन्हाच्या भिंतीवर नको.

उरलेले कोरे कागद त्यांच्याच पाकिटात, तोंड बंद करून, आडवे ठेवा. प्रिंटरच्या ट्रेमध्ये मुक्कामाला ठेवू नका. लेप दमट हवेतलं पाणी ओढतो, कडा वर वळतात आणि पुढच्या वेळी हेड त्या कडांना घासून काळा फराटा मारून जातं. वळलेला कागद उलट दिशेने अलगद वाकवून सपाट झाला तर छापा, नाहीतर चाचणीला वापरा.

शेवटचं काम प्रिंटच्या पाठीवर. आरसी कागदाच्या गुळगुळीत पाठीवर बॉलपेनची शाई नीट बसत नाही आणि दाबून लिहिलं तर अक्षरं पुढून उठतात. बारीक टोकाचा, लगेच वाळणारा पर्मनंट पेन घ्या, कडेला, हलक्या हाताने लिहा आणि वाळल्याशिवाय दुसरा फोटो त्यावर ठेवू नका. मॅट आणि कापसाच्या कागदाला मऊ पेन्सिल पुरते. मी चार गोष्टी लिहितो: फोटोत कोण आहे, फोटो कधीचा, कागद कोणता, सेटिंग कोणतं. आईच्या पहिल्या प्रिंटच्या पाठीवर तसं लिहिलेलं आहे. बहिणीने परवा तोच फोटो मागितला तेव्हा खण उघडला, पाठ वाचली आणि पहिल्याच कागदावर पांढऱ्या बटा तशाच्या तशा आल्या.